विनोद कळतो, पण सगळे हसून झाल्यावर

प्रश्न : बाई, मी मूळचा बारामतीचा. गेली दोन वर्षं लीड्सला नोकरी करतोय. ऑफिसातलं इंग्रजी नीट कळतं, मीटिंगमध्ये बोलतोही. पण टीमबरोबर कॉमेडी क्लबात गेलो की माझा पार ठोंब्या होतो. शब्द सगळे ओळखीचे असतात, तरी लोक कशाला हसले ते कळत नाही. परवा एका सहकाऱ्यानं सांगितलेला विनोद लिहून ठेवलाय : 'हेजहॉग्ज. व्हाय कान्ट दे जस्ट शेअर द हेज?' यात विनोद नेमका कुठं आहे? आणि न कळता सगळ्यांबरोबर हसावं का?
— एक वाचक, लीड्स

उत्तर : तुमचं पत्र वाचून माझीच फजिती आठवली, ती आधी सांगते.

कोल्हापुरात एकतीस वर्षं कॉलेजात इंग्रजी शिकवून मी रिटायर झाले आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये मुलीकडे एडिंबरोला गेले. ऑगस्टमध्ये तिथं फ्रिंज नावाचा नाटक-विनोदाचा मोठा महोत्सव भरतो, 1947 पासून. पबची मागची खोली म्हणू नका, तळघर म्हणू नका, जिथं तिथं कुणीतरी माइक धरून उभं. अशाच एका खोलीत आम्ही उशिरा पोचलो, तर पुढची रांग रिकामी. मी खूश. (विनोदाच्या कार्यक्रमात पुढची रांग रिकामी का असते, हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं.) माइकवरचा मुलगा ग्लासगोचा. त्यानं माझ्याकडे बघून काहीतरी विचारलं. मी म्हटलं, 'पार्डन?' त्यानं पुन्हा विचारलं. मी पुन्हा 'पार्डन?' तिसऱ्यांदा त्यानं एकेक शब्द सुटा करून विचारलं, की आपण काय काम करता? मी आपलं सरळ सांगितलं, 'आय टीच इंग्लिश.'

खोली कोसळली. माझी लेक टेबलावर डोकं ठेवून हसत होती. मला वाटलं, उच्चारात काही घोळ झाला की काय. शेवटी तो बादली घेऊन दाराशी उभा राहिला, पैसे टाका म्हणाला. मागून कुणीतरी विचारलं, 'कार्ड चालतं का?' त्यानं कानामागं हात धरला आणि थेट माझ्या आवाजात म्हणाला, 'पार्डन?' पुन्हा सगळे लोटपोट. त्या तासातला सगळ्यात मोठा हशा मी मिळवला होता, आणि तो का मिळाला ते मला घरी जाताना बसमध्ये समजलं.

आता बघा, त्यात एकही अवघड शब्द नव्हता. माझे दोन 'पार्डन' म्हणजे सेटअप. त्यातून लोकांनी मनात एक चित्र तयार केलं, की बाईंना इंग्रजी येत नाही. माझं उत्तर म्हणजे पंचलाइन, तिनं ते चित्र उलटं केलं. आणि बादलीजवळचा 'पार्डन' म्हणजे कॉलबॅक, मघाची गोष्ट पुन्हा भलत्याच जागी आणणं. मी हसले नाही, कारण ते पहिलं चित्र माझ्या डोक्यात तयारच झालं नव्हतं. मला येतं की हो इंग्रजी!

तुमची अडचण हीच आहे. तुम्ही दुसरा अर्थ शोधत बसता, पण तुमचा पहिलाच अर्थ वेळेवर आलेला नसतो. विनोदात आधी फसावं लागतं. जो फसलाच नाही तो हसणार कशाला?

हेन्री यंगमन नावाचे, सगळे हेनी म्हणायचे, एक अमेरिकन विनोदवीर होऊन गेले. त्यांची जगभर गाजलेली ओळ चारच शब्दांची : 'टेक माय वाइफ, प्लीज.' बायकोवरच्या विनोदांचं मला कौतुक नाही, पण बांधणी पाहण्यासारखी आहे. 'टेक माय वाइफ' म्हटल्यावर इंग्रजी कानाला 'फॉर एक्झाम्पल' आपोआप ऐकू येतं. तिथं 'प्लीज' येतं आणि उदाहरणाचं गाऱ्हाणं होतं. मराठीत करून बघा : 'आता आमच्या हिलाच घ्या…' क्षणभर थांबा. 'घ्या हो, हात जोडतो.' हसू आलं ना? कारण 'हिलाच घ्या' म्हटल्यावर पुढं काय येणार, हे तुम्हाला जन्मापासून माहीत आहे.

आता तुमचा काटेरी प्राणी. डॅन अँटोपोल्स्कीचा हा विनोद 2009 मध्ये फ्रिंजमधला सर्वांत मजेदार विनोद ठरला होता, तेव्हा तुमचा सहकारी दुसऱ्याच्या जिवावर भाव खातोय. हेजहॉग म्हणजे साळिंदराचा धाकटा भाऊ वाटावा असा, इंग्लंडात रात्री परसात फिरणारा जीव. हेज म्हणजे झुडपांचं कुंपण. हॉग म्हणजे डुक्कर, इथवर तुम्हाला माहीत असणार. पण 'टु हॉग' हे क्रियापदही आहे : एकट्यानं सगळं बळकावून बसणं. (आपल्याकडे हॉस्टेलात 'हॉगिंग' म्हणजे हादडणं. त्या अर्थानं गेलात तर कुंपण खाल्लंत.) मग हेजहॉग म्हणजे कुंपण बळकावणारे, आणि सांगणारा कळवळून विचारतो, अरे, वाटून का नाही घेत? शुद्ध पीजे आहे. असल्या शाब्दिक कोट्या सगळ्यात शेवटी कळतात, न कळल्या म्हणून मनाला लावून घेऊ नका. आपलाच एक घ्या. कोणत्या वारी सगळ्यात जास्त चालावं लागतं? आषाढी वारी. आता हा तुमच्या त्या सहकाऱ्याला समजावून दाखवा. वार म्हणजे काय, 'सोमवारी'तला तो ईकार कुठून आला, आळंदीपासून पंढरपूरपर्यंत लोक चालत का जातात… तोवर त्याची बिअर संपेल.

म्हणून सुरुवात प्रसंगावरच्या विनोदांपासून करा. त्याच फ्रिंजमध्ये 2018 ला ॲडम रो या विनोदवीराचा विनोद पहिला आला. त्याचा आशय असा, की जॉबसेंटरमधली, म्हणजे तिथल्या सेवायोजन कार्यालयातली, नोकरी म्हणजे टेन्शनच, कारण काढून टाकलं तरी दुसऱ्या दिवशी तिथंच यावं लागतं. सेवायोजन कार्यालयाची पायरी चढलेल्या कुणालाही हा कळेल. फक्त खिडकीची बाजू बदलली.

सवय कशी करायची? एकच माणूस निवडा आणि महिनाभर त्याचेच व्हिडिओ बघा. भराभर वीस जणांचे बघू नका. एकाच माणसाचं बोलणं, त्याची आई, त्याचं गाव, त्याच्या रडगाण्याचे विषय कळले की त्याचा सेटअप तुमच्या कानात वेळेवर बसतो. मग तो थांबला की तुम्हीही व्हिडिओ थांबवा आणि पुढचा शब्द मोठ्यानं बोला. चुकलात तर उत्तम. तिथले लोकही तिथंच चुकतात, म्हणून तर हसतात. सगळ्यांसारखं चुकायला लागलात की कान तयार झाला म्हणायचं. तमाशाच्या बतावणीत सोंगाड्या मुद्दाम शब्दाचा भलताच अर्थ घेतो, ते आठवा. सरळ अर्थ आपल्या डोक्यात आधी बसलेला असतो, म्हणूनच त्याचा वाकडा अर्थ आपल्याला गुदगुल्या करतो.

न कळता हसावं का? खोट्या हसण्यात एक धोका आहे. शेजारचा वळून विचारतो, 'तुला ते कळलं?' त्यापेक्षा मध्यंतरात तुम्हीच विचारा. विनोद समजावून सांगायला लोकांना भारी आवडतं, आणि सांगता सांगता निम्म्या जणांना आपल्यालाही तो नीट कळला नव्हता हे उमगतं.

प्रश्न : इंग्रजी स्टँडअप बघताना सबटायटल लावावेत का?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : पहिल्यांदा नको. तो माणूस नुसता श्वास घेत असतो तेव्हा पंचलाइन खाली उमटलेली असते. म्हणजे रहस्यकथा वाचताना मागं बसलेल्या मामानं खुनी कोण ते सांगून टाकण्यासारखं. एकदा तसंच ऐका, जिथं लोक हसले आणि तुम्ही नाही ती वेळ कागदावर टिपा. दुसऱ्यांदा फक्त तेवढ्या जागी सबटायटल लावा.