नाण्यावरची देवी ओळखायची कशी? (फाउस्टिनाच्या दिनारिअसबद्दल)

मागची देवी कोणती आणि नाणं खरं का, असं विचारत तुम्ही पाठवलेले या दिनारिअसचे (रोमन चांदीच्या नाण्याचे) फोटो स्वच्छ आलेत, त्यामुळे अक्षरं वाचता येताहेत. पुढे 'डीवा फाउस्टिना' आणि मागे 'ऑगस्टा', म्हणून मागच्या बाईला तुम्ही ऑगस्टा नावाची देवी समजलात. ऑगस्टा हा सम्राज्ञीचा किताब. देवीचं नाव या नाण्यावर लिहिलेलंच नाही. ती हातातल्या वस्तूंवरून ओळखायची, आपण देवळातली मूर्ती ओळखतो तशी. डोक्यावरून पदर, एका हातात कणसं, दुसऱ्यात लांब मशाल, म्हणजे ही सेरेस, धान्याची देवी. पायाशी मोर असता तर जुनो, हातात सफरचंद असतं तर व्हीनस.

आता फाउस्टिना कोणती? मायलेकींचं नाव एकच, नाणी दोघींचीही भरपूर, त्यामुळे नवखा हमखास गोंधळतो. 'डीवा' (आपल्या 'देव'चं दूरचं नातलग) हे बिरुद मरणानंतरच लागायचं. मुलीलाही ते पुढे मिळालं, पण तिच्या त्या नाण्यांवर सहसा 'पिया' हा शब्दही असतो. तेव्हा तुमची ही आई, सम्राट अँटोनिनस पायसची बायको. ती इ.स. 140च्या सुमारास वारली, सिनेटने (रोमच्या उमरावांच्या सभेने) तिला देवी ठरवलं आणि नवऱ्याने पुढे कित्येक वर्षं तिच्या नावाने नाणी पाडली. रोमच्या फोरममधलं (जुन्या मुख्य चौकातलं) तिचं देऊळ अजून उभं आहे, आत चर्च आहे. अक्षरं झिजलेली असली तर अंबाडा पाहा: आईचा माथ्यावर, मुलीचा मागे मानेकडे.

मुलगी पुढचा सम्राट मार्कस ऑरेलियस याची बायको. तिला डझनभर तरी मुलं झाली, म्हणून तिच्या नाण्यांवर बाळंतपणाची जुनो लुसिना आणि पोरं कडेवर घेतलेली फेकुंडिटास, म्हणजे सुफलतेची देवी, दिसते. आपल्या राणीछाप रुपयावरची व्हिक्टोरिया स्वतः गादीवर होती. या दोघी स्वतः गादीवर नव्हत्या. राजवाड्याला त्यांचं कोणतं रूप लोकांपुढे ठेवायचं होतं, ते मागची देवी सांगते.

खरं-खोटं फोटोवरून सांगणार नाही. तुम्ही कळवलेलं 3.2 ग्रॅम वजन पटण्यासारखं आहे. भिंगाने कडा तपासा: गोल फिरणारी शिवण किंवा बुडबुड्यांचे खड्डे दिसले तर ओतीव नक्कल. 'कोकणात सापडलं' ही विक्रेत्याची गोष्ट मात्र मला पटत नाही. भारतात मिळालेली रोमन चांदी बहुतांशी ऑगस्टस-टायबेरियस या पहिल्या दोन सम्राटांची, म्हणजे शंभरेक वर्षं आधीची.

आणि तो काळपट थर घासू नका. जूलिया डोम्ना या नंतरच्या सम्राज्ञीच्या माझ्या पहिल्या नाण्याला मी रांगोळी लावून घासलं होतं. नाणं लखलखीत झालं, केसांच्या लाटा मात्र गेल्या.