बाळ झाकून नेऊ नकोस

प्रिय सिस्टर,

ग्रामीण रुग्णालयात लेबर रूमची ड्युटी म्हणजे बाळ पोटातच दगावल्याचा प्रसंग तुझ्याही वाट्याला येणार. डॉप्लरवर, म्हणजे पोटावर लावून ऐकायच्या यंत्रावर, बाळाचे ठोके सापडले नाहीत तर सोनोग्राफीनं पक्कं होऊ दे. डॉक्टर सांगतील तेव्हा नवऱ्याला किंवा तिच्या मायला जवळ बसव. ‘बाळ पोटातच दगावलं’ असं सरळ सांगावं. ‘हालचाल कमी आहे’ असं आडून सांगितलं, तर बाई रडण्याचा आवाज ऐकायच्या आशेवर कळा देत राहते.

बाळंतपणाची काळजी तसूभर कमी होत नाही. बाळंतपणानंतर रक्तस्राव रोखायला ऑक्सिटोसिन 10 युनिट स्नायूत, मग दोन तास दर 15 मिनिटांनी नाडी, बीपी, गर्भाशय घट्ट आहे का, पॅड किती भिजला. आईचा रक्तगट आरएच निगेटिव्ह असेल तर पुढच्या बाळाला जपणारं अँटी-डी इंजेक्शन 72 तासांच्या आत. रडारडीत हे इंजेक्शन राहून जातं, म्हणून केसपेपरवर आधीच लिहून ठेव.

आपल्याकडे बाळ घाईनं गुंडाळून पुरुषांच्या हाती देतात आणि ते थेट मूठमाती द्यायला निघतात. ‘पाहू नको व माय, जिवाले लागते,’ असं सासू म्हणेल, मायेनंच म्हणेल. पण तू बाळंतिणीलाच विचार, आणि तासाभरानं पुन्हा विचार. पहिला नकार बरेचदा तिचा नसतो. तरी नकोच म्हणाली तर आग्रह नाही. बापालाही विचार, त्याला कुणी विचारत नाही.

दाखवण्याआधी सांग: अंग गार असेल, ओठ काळपट, कातडी सुटलेली. कोमट पाण्यात भिजवलेल्या कापसानं अंग फक्त टीप. घासलंस की कातडीचा पापुद्राच हातात येतो. कवटीची हाडं एकमेकांवर चढली असतील तर टोपी घाल. वजन कर, मऊ सुती कापडात गुंडाळ, चेहरा उघडा ठेव. डोक्याखाली हात धरून, जिवंत लेकरू देतात तसंच तिच्या कुशीत दे. आईबाप हो म्हणाले आणि तळव्याची कातडी शाबूत असली, तर स्टॅम्पपॅडवर पाय हलका टेकवून कागदावर ठसा घे.

‘ग्रहणात विळी धरली म्हणून झालं’ असं कुणी म्हणेलच. ग्रहणानं असं होत नाही, हे सासरच्यांसमोर डॉक्टरांच्या तोंडून वदवून घे.

दोन ते चार दिवसांत पान्हा फुटतो. आधी सांगितलं नसेल तर बाई घरी एकटीच हबकते. छाती घट्ट बांधू नये, दूध तुंबून गाठ आणि ताप येतो. आधार देणारी ब्रा, गार पाण्याची घडी, पॅरासिटामॉल. फारच दाटलं तर ताण हलका होण्यापुरतंच पिळायचं. दूध थांबवायची गोळी डॉक्टरांना विचारूनच. बीपी वाढलेलं असेल तर ती धोक्याची.

खाट बाळंतिणींच्या रांगेत देऊ नकोस. ड्युटी सोपवताना तोंडी सांग, नाहीतर पुढची सिस्टर ‘बाळाला पाजलं का?’ विचारते. सुट्टीआधी गावातल्या आशाताईला स्वतः फोन लाव: बाळाच्या लसीसाठी दारात जाऊ नकोस, पण 3, 7, 14, 21, 28 आणि 42 व्या दिवशी आईसाठी जा, रक्तस्राव, ताप, छाती आणि बीपी बघ, आणि थोडा वेळ तिच्याजवळ बस.

तुझी ताई