गोदावरीच्या खोऱ्यात, मराठवाड्याच्या बाजूला, ग्रेप फर्नच्या जुन्या नोंदी आहेत का?

आपण दोन गोष्टी विचारल्या आहेत : मराठवाड्यातील गोदावरीच्या खोऱ्यात ग्रेप फर्न, म्हणजे बॉट्रिकियम हा नेचा (फर्न), पूर्वी नोंदला गेला होता का, आणि आज तो दुर्मीळ झाला आहे का. बॉट्रिकियमचे भारतातील घर हिमालयात आणि दक्षिणेकडील निलगिरी-पळणीसारख्या थंड, ओल्या डोंगरांत आहे. वर्षातील बराच काळ कोरडा काढणारे आपले पठार त्यात बसत नाही, त्यामुळे तो येथून नाहीसा होत चालला आहे, ही भीती बाळगण्याचे कारण नाही.

मात्र त्याच कुळातील ओफिओग्लॉसम हा छोटा नेचा आपल्याकडील माळांवर उगवतो, आणि आपला प्रश्न त्याच्याविषयी विचारला तर तो फार मोलाचा ठरतो. दोघांतील फरक पाहताक्षणी कळतो. बॉट्रिकियमचे पान विभागलेले असते आणि त्याच्या फांद्या फुटलेल्या तुऱ्यावर बीजाणूंच्या (नेच्याला बियांऐवजी येणाऱ्या सूक्ष्म कणांच्या) गोल पिशव्या द्राक्षांच्या घोसासारख्या सुट्या लागतात. ओफिओग्लॉसमचे पान साधे, अखंड कडेचे आणि जाळीदार शिरांचे असते. त्यातून सरळ वर येणाऱ्या एकाच दांड्यावर पिशव्या दोन ओळींत रुतून बसलेल्या असतात. महाराष्ट्रात कोस्टाटम, ग्रामिनियम, न्यूडिकॉल, रेटिक्युलाटम अशा जाती माहीत आहेत. (यांतील रेटिक्युलाटमच्या पेशीत १२६० गुणसूत्रे मोजली गेली आहेत, माणसात ती ४६ असतात. बोटभर उंचीच्या झाडाला एवढा संसार कशासाठी लागतो, याचे मला नेहमी आश्चर्य वाटते.)

आता जुन्या नोंदींविषयी. आपल्या भागातील वनस्पतींच्या नोंदी विरळ असण्याचे पहिले कारण राजकीय आहे. कुक यांचा मुंबई इलाख्यातील वनस्पतींवरील मोठा ग्रंथ १९०१ ते १९०८ या काळात निघाला, पण तो सपुष्प, म्हणजे फुले येणाऱ्या वनस्पतींचा होता, आणि नेच्यांना फुले येत नाहीत. ब्लॅटर आणि डी’आल्मेडा यांनी १९२२ मध्ये खास नेच्यांवर पुस्तक काढले, पण तेही मुंबई इलाख्यापुरते. औरंगाबाद, बीड, परभणी, नांदेड आणि उस्मानाबाद हे जिल्हे तेव्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होते, म्हणजे अभ्यासकांची वाट सरहद्दीपाशी थांबत असे, झाडे मात्र दोन्हीकडे सारखीच उगवत असत. संस्थान १९४८ मध्ये भारतात विलीन झाले, मराठवाडा १९५६ मध्ये मुंबई राज्यात आला आणि औरंगाबादचे मराठवाडा विद्यापीठ १९५८ मध्ये सुरू झाले. पुढे वि. ना. नाईक यांनी १९९८ मध्ये संपूर्ण मराठवाड्याच्या वनस्पतींचा ग्रंथ सिद्ध केला. तो फार कष्टाचा आणि आजही हाताशी ठेवावा असा आहे, पण त्याचाही विषय सपुष्प वनस्पती हाच आहे. त्यामुळे एखाद्या तालुक्यातून ओफिओग्लॉसमची जुनी नोंद नाही, एवढ्यावरून तो तेथे नव्हता, किंवा होता आणि गेला, यांपैकी काहीही सिद्ध होत नाही. जुन्या नमुन्याच्या चिठ्ठीवर नुसते ‘दख्खन’ लिहिलेले असेल तर तो कागद आपल्या कामाचा नाही, हेही लक्षात ठेवावे.

दुसरे कारण झाडाच्या स्वभावात आहे. या कुळातील नेच्यांचे बाल्य जमिनीखाली, हिरवा रंग नसलेल्या अवस्थेत आणि बुरशीच्या आधारावर जाते. पहिले पान वर यायला बराच काळ लागतो. बॉट्रिकियमच्या खुणा करून ठेवलेल्या झाडांवर परदेशांत वर्षानुवर्षे लक्ष ठेवले गेले, तेव्हा असे दिसले की काही झाडे एखादा हंगाम पान न काढताच जमिनीत जिवंत राहतात आणि नंतर पुन्हा वर येतात. म्हणून एका वर्षाच्या मोजणीवरून ‘घट झाली’ असे लिहिणाऱ्यांवर मी विश्वास ठेवत नाही, विशेषतः ते वर्ष दुष्काळाचे असेल तर मुळीच नाही. ओफिओग्लॉसम पहिल्या चांगल्या पावसानंतर वर येतो आणि पावसाळा ओसरताच दिसेनासा होतो. हिवाळ्यात सहलीला जाणाऱ्याला तो भेटणारच नाही.

आपण नदीकाठी शोधत असाल तर जागा बदला. काठची काळी जमीन पिढ्यान्‌पिढ्या नांगराखाली आहे. खोऱ्याचा अर्थ पाणी उतरणाऱ्या डोंगरांसह घ्यावा : बालाघाटाचे मुरमाड माळ, म्हैसमाळचा सपाट माथा, गौताळ्याच्या कडेची गवताळ जमीन, किनवटकडील रान. माझ्या मते खरी चिंता गायरानांची आहे, कारण माळ एकदा नांगरला की जमिनीखालचा हा सगळा संसार एका दिवसात उलथला जातो, आणि नोंदच नसल्यामुळे काय गेले हे कोणालाही सांगता येत नाही.

जुलै-ऑगस्टमध्ये गवतात गुडघे टेकून शोधा. पान उजेडासमोर धरून शिरांचे छायाचित्र घ्या, बीजाणूंच्या दांड्याचे वेगळे घ्या, गाव, माळाचे स्थानिक नाव, तारीख आणि सोबतचे गवत लिहून ठेवा. दहा-वीस झाडे एकत्र असतील तरच एखादे कंदासह काढावे, कारण जात ठरवताना कंदाचा आकार लागतो. एकटे असेल तर छायाचित्रावर भागवा. वाळवलेला नमुना विद्यापीठाच्या वनस्पतिशास्त्र विभागात किंवा पुण्यातील भारतीय वनस्पती सर्वेक्षणाच्या पश्चिम विभागीय कार्यालयात तज्ज्ञांना दाखवून तेथेच ठेवायला द्यावा.