आफ्रिकेतून युरोपात गेलेल्या माणसांवर अरबीत लिहिलेली एखादी चांगली कादंबरी सुचवाल का?

डोळे झाकून तायेब सालिहची 'सीझन ऑफ मायग्रेशन टू द नॉर्थ' घ्या. लेखक सुदानचा, मूळ अरबी १९६६ ची, डेनिस जॉन्सन-डेव्हिसचं इंग्रजी भाषांतर १९६९ चं, आणि आकाराने छोटी आहे त्यामुळे घाबरू नका.

सात वर्षं इंग्लंडात शिकून एकजण नाईलकाठच्या आपल्या गावी परत येतो, तिथे मुस्तफा सईद नावाचा नवखा माणूस गुपचूप शेती करत असतो, आणि एका रात्री दारू चढल्यावर हा बाबा चक्क इंग्रजी कविता म्हणायला लागतो! मग हळूहळू कळतं की हा लंडनमधला नावाजलेला अर्थतज्ज्ञ, खोलीत चंदन-धूप जाळून 'गूढ पूर्वेच्या' नावाखाली गोऱ्या बायकांना जाळ्यात ओढणारा, आणि शेवटी बायकोचा खून करून जेलमध्ये गेलेला.

बहुतेक लोक इथेच अडकतात, वसाहतवादाचा सूड वगैरे. मला विचाराल तर खरी कादंबरी त्यानंतरची, हुस्नाची. मुस्तफाने गावात आल्यावर हिच्याशी लग्न केलेलं असतं, आणि त्याच्यामागे त्याच्या या विधवेचं गावातल्या म्हाताऱ्याशी जबरदस्तीने लग्न लावतात, त्याचा शेवट भयंकर होतो. म्हणजे सालिह इंग्रजांना धुतो तसा गावालाही सोडत नाही.

मोरोक्कोच्या लैला लालामीचं नावही लोक सुचवतील, चांगली आहे, पण ती इंग्रजीत लिहिते.