गुणायचं की भागायचं, हे घातांकाला ठरवू द्या

किलोमीटरचे मिलिमीटर किंवा नॅनोमीटरचे सेंटीमीटर करताना शून्यं किती आणि गुणायचं की भागायचं, हे कायमचं लक्षात कसं ठेवायचं, असं तुम्ही विचारलंय. माझ्या मते ते लक्षात ठेवूच नये.

शाळेत किलो-हेक्टो-डेका-मीटर-डेसी-सेंटी-मिली अशा पायऱ्या पाठ करून घेतात, दर पायरीला एक शून्य. मिलीपर्यंत हे झकास चालतं. त्याखाली मात्र मायक्रो एकदम तीन शून्यांवर, नॅनो आणखी तीनवर. पायऱ्या मोजायची सवय लागलेली मुलं अकरावीच्या भौतिकशास्त्रात नेमकी इथेच अडखळतात.

मी फक्त घातांक पाठ ठेवतो, म्हणजे ते एकक मीटरच्या दहाच्या कितव्या घाताइतकं, तो आकडा: किलो ३, मीटर ०, सेंटी −२, मिली −३, मायक्रो −६, नॅनो −९. दिलेल्या एककाच्या घातांकातून हव्या त्या एककाचा घातांक वजा करायचा आणि दहाच्या तेवढ्या घाताने गुणायचं. दरवेळी गुणायचंच, भागायचं असेल तर घातांक आपसूक ऋण येतो.

किमीचे मिमी: ३ − (−३) = ६, म्हणून १ किमी = १०^६ मिमी (^ म्हणजे घात). तांबड्या प्रकाशाची तरंगलांबी ६५० नॅनोमीटर धरा. सेंटीमीटरसाठी −९ − (−२) = −७, म्हणजे ६५० × १०^−७, अर्थात ६.५ × १०^−५ सेमी. अँगस्ट्रॉम हे लांबीचं एकक (−१०) तर कुठल्याच पायरीवर बसत नाही, पण इथे −९ − (−१०) = १, झाले ६५०० अँगस्ट्रॉम.

चूक होते ती बहुधा दोन वजा चिन्हांच्या गोंधळात. म्हणून शेवटी एवढं बघा: एकक लहान झालं असेल तर आकडा वाढलेला हवा.

१:५०,००० प्रमाणाच्या नकाशावरचे २ सेमी म्हणजे जमिनीवरचे १०^५ सेमी. −२ − ३ = −५, म्हणजे बरोबर १ किमी. ट्रेकला जाणाऱ्यांना हे तोंडपाठ असतं.

क्षेत्रफळाला आलेला घातांक दुप्पट करायचा, घनफळाला तिप्पट. १ चौरस मीटर म्हणजे १०० नव्हे, १०^४ चौरस सेमी. हेक्टर हा १०० मीटर बाजूचा चौरस, म्हणून १०^४ चौरस मीटर. आर १० मीटर बाजूचा, म्हणून १०^२. सातबाऱ्यावर हेक्टर-आर-चौरस मीटर या क्रमाने ०.४०.५० लिहिलं असेल तर ती जमीन ४०५० चौरस मीटर, म्हणजे एकराला थोडी जास्तच.