यंत्राने ‘बीप’ केलं म्हणजे झालं का?

थँक्सगिव्हिंगनंतरचे सेल लागले की इलेक्ट्रॉनिक पावडर डिस्पेन्सर घेणारे वाढतात आणि जानेवारी उजाडला की माझ्याकडे तीच ती पत्रं येऊ लागतात. अमेरिकेत घरी काडतुसं भरणारे मराठी लोक मूठभर, पण शंका पोतंभर. नव्या वाचकांसाठी थोडक्यात सांगतो. वापरलेल्या पितळी पुंगळीत नवा प्रायमर (ठोक्याने पेटून पावडर पेटवणारी छोटी टिकली) बसवायचा, मोजून पावडर घालायची, वर गोळी बसवायची, याला रिलोडिंग म्हणतात. त्यातलं मोजायचं काम हे यंत्र करतं. आकडा घातला की हॉपरमधली, म्हणजे वरच्या डब्यातली, पावडर फिरत्या नळीतून काट्यावरच्या पॅनमध्ये पडते, आधी भराभर, मग कणाकणाने, आणि वजन भरलं की बीप वाजतो. कुठल्या काडतुसात कुठली पावडर किती घालायची हे मी इथे सांगत नाही, पुढेही सांगणार नाही. ते छापील लोड मॅन्युअलमध्ये बघा.

प्रश्न: मुलगी .22 रायफलवर नेमबाजी शिकते आहे. काडतुसं महाग पडतात. हे यंत्र घेऊन घरी भरता येतील का? (एडिसन, न्यू जर्सी)

नाही. .22 हे रिमफायर काडतूस आहे. त्यात वेगळा प्रायमर नसतो, पेटणारं मिश्रण पुंगळीच्या कडेतच भरलेलं असतं आणि पिनच्या ठोक्याने ती कड कायमची चेपते. ते कारखान्यातच बनतं. कोल्हापूरच्या स्वप्निल कुसाळेने 2024 च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये 50 मीटर थ्री पोझिशन्सचं कांस्य जिंकलं, तो प्रकारही .22 चाच. त्या पातळीचे नेमबाज काडतुसं भरत बसत नाहीत, कारखान्याच्या वेगवेगळ्या बॅच आपल्या रायफलमधून झाडून बघतात आणि जमेल ती बॅच घेतात. मुलीच्या प्रशिक्षकांना विचारा.

प्रश्न: माझ्या यंत्रावर ±0.1 ग्रेन लिहिलंय. मित्राचं यंत्र 0.02 ग्रेन दाखवतं. मी फसलो का? (शार्लट, नॉर्थ कॅरोलिना)

फसला नाहीत, पण जाहिरात नीट वाचायला शिका. पडद्यावर किती बारीक आकडा दिसतो ही एक गोष्ट, तो किती खरा असतो ही दुसरी. विकणारे या दोन्ही गोष्टी एकाच ओळीत, एकाच ठळक अक्षरात छापतात आणि घेणारा भुलतो. एक ग्रेन म्हणजे सुमारे 64.8 मिलिग्रॅम. म्हणजे 0.02 ग्रेन हा साधारण लांबट कणांच्या पावडरीतल्या एका कांडीचा मामला झाला. चुंबकीय बलाने तोलणारे, प्रयोगशाळेत असतात त्या जातीचे काटे ते काम खरोखर करतात, पण त्यांची किंमतही तशी असते. साध्या लोडसेलच्या (वजनाने वाकणाऱ्या पट्टीच्या) यंत्राने पडद्यावर दशांशानंतर दोन आकडे दाखवले म्हणून तो काटा त्या जातीचा होत नाही. 200 यार्डांवर कागदाला भोकं पाडायची असतील तर ±0.1 पुष्कळ आहे. हजार यार्डांच्या स्पर्धेत उतरणार असाल तर क्लबातल्या जुन्या माणसाशी बोला आणि मगच पैसे घाला.

प्रश्न: सकाळी यंत्र बरोबर होतं. तासाभराने जुन्या दांडीच्या काट्यावर ताडून पाहिलं तर 0.3 ग्रेनचा फरक. यंत्र खराब निघालं म्हणून परत करू का? (कोलंबस, ओहायो)

परत करण्याआधी मला सांगा: चालू केल्यावर किती वेळाने भरायला बसलात? टेबलाच्या वर हीटरचं तोंड आहे का? फोन कुठे ठेवला होता? तुम्ही पत्रात यातलं काहीच लिहिलेलं नाही. अशी पत्रं लिहिणारे कुणीच लिहीत नाहीत.

या काट्याच्या पोटात धातूची एक छोटी पट्टी असते, तिला लोडसेल म्हणतात. वजन पडलं की ती केसभर वाकते, तिच्यावर चिकटवलेल्या तारेचा विद्युतरोध बदलतो आणि त्या बदलाचा यंत्र आकडा करतं. हा बदल इतका बारीक असतो की पट्टी आणि सर्किट थोडं तापलं तरी आकडा सरकतो. म्हणून मॅन्युअलमध्ये यंत्र आधी तापू द्यायला सांगतात. मी किमान अर्धा तास ठेवायला सांगतो. ओहायोतल्या जानेवारीत गॅरेज थंडगार असतं, यंत्र रात्रभर तिथेच असतं, तुम्ही हीटर लावता आणि पाच मिनिटांत कामाला बसता. मग गॅरेज हळूहळू तापत जातं आणि तुमचा शून्यही सरकत जातो. तो असा हळू सरकतो की दर बीपला वाटतं, सगळं ठीक चाललंय.

त्यात वाऱ्याची भर. सोनार आपला काटा काचेच्या पेटीत ठेवतो तो शोभेला नव्हे. पंखा, एसी, हीटर, उघडं दार, कशाचीही झुळूक पॅनवर आली की आकडा नाचतो. हिवाळ्यातल्या कोरड्या हवेत स्थिर विजेचा वेगळाच ताप. प्लास्टिकच्या हॉपरला आणि पॅनच्या काठाला कण चिकटून बसतात, नुसता हात जवळ नेला तरी आकडा हलतो. खोलीत थोडा दमटपणा ठेवा, यंत्राचं प्लास्टिक कपड्यांच्या ड्रायरमध्ये टाकतात त्या शीटने पुसा, प्लग नीट अर्थिंग असलेल्या सॉकेटमध्येच लावा. आणि फोन दुसऱ्या खोलीत ठेवा, त्याच्या लहरींनीही आकडा हलतो. टेबलाच्या दुसऱ्या टोकाला ठेवून भागत नाही.

आता मुद्द्याचं. रिकामा पॅन काट्यावर ठेवून शून्य करा आणि पॅन उचला. पडद्यावर उणे आकडा येईल, समजा −143.6. तो तुमच्या पॅनच्या वजनाचा आकडा. चिकटपट्टीवर लिहून यंत्रावरच डकवा. नंतर दर वेळी पावडर ओतायला पॅन उचललात की पडद्याकडे नजर टाका. तोच आकडा दिसला तर शून्य जागेवर आहे. −143.4 दिसला तर थांबा, शून्य सरकलाय. याला एक पैसा पडत नाही, एक सेकंद जात नाही. तरी शंभरातला एखादाच हे करतो, कारण बाकीच्यांचं लक्ष बीपकडे असतं.

पण शून्य बरोबर असला म्हणजे वरची मापंही बरोबर असतीलच असं नाही. यंत्राबरोबर आलेलं कॅलिब्रेशनचं वजन बहुधा 50 ग्रॅमचं असतं, म्हणजे सुमारे 772 ग्रेन. तुम्ही तोलता त्याच्या सुमारे वीसपट. म्हणून तुमच्या मापाच्या आसपासची तपासणीची वजनं वेगळी विकत घ्या. ती चिमट्यानेच उचला, बोटाच्या घामाचंही वजन असतं. भरायला बसताना एकदा ठेवून बघा आणि मग दर वीस-पंचवीस पुंगळ्यांनी पुन्हा. फरक दिसला तर त्या आधीच्या वीस-पंचवीस परत तोलायच्या, कुरकुर न करता. हे सगळं करूनही 0.3 चा फरक राहिलाच, तर खुशाल कंपनीच्या ग्राहक सेवेला फोन लावा. त्याआधी दांडीचा काटासुद्धा त्याच वजनांवर तपासा. तो जुना आहे म्हणून खराच असेल, असं कशावरून?

प्रश्न: लांबट कांड्यांची पावडर वापरतो. यंत्र वारंवार 0.1–0.2 जास्त टाकतं. नळीत स्ट्रॉचा तुकडा घालायचा म्हणतात, ते खरं का? (फ्रिस्को, टेक्सास)

‘म्हणतात’ त्यातली ही त्यातल्या त्यात बरी गोष्ट. नळीचं तोंड अरुंद झालं की कांड्या गुच्छाने न पडता एकेक पडतात. पण हल्लीच्या बऱ्याच यंत्रांत वेग कमी करायची सोय असते. आधी मॅन्युअल उघडा, आणि स्ट्रॉने वॉरंटीला धक्का लागतो का ते कंपनीला विचारा. माप जास्त पडलं तर ते पॅन हॉपरमध्ये परत ओतायचं, ‘एवढ्याने काय होतंय’ म्हणून पुंगळीत नाही. आणखी एक बघा: बीप झाल्यावर नळीच्या ओठावर एखादी कांडी अर्धी बाहेर लटकलेली असते. पॅन उचलताना हात लागला की ती आत पडते आणि ती कुणीच मोजलेली नसते.

प्रश्न: काळी दारू (ब्लॅक पावडर) या यंत्रातून मोजता येते का? (बोइसी, आयडाहो)

नाही. हे यंत्र फक्त धूररहित पावडरीसाठी आहे. काळी दारू ठिणगीने पेटते. यंत्राचं मॅन्युअल वाचा, आणि ती दारू हाताळायला जाणकार माणसाकडून शिकल्याशिवाय डबा उघडू नका.

प्रश्न: आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एकाने लोड (कुठली पावडर, किती माप) दिला, तो उत्तम चालतो म्हणे. त्याच्याकडे एच 4350 पावडर आहे, माझ्याकडे आयएमआर 4350. आकडा एकच आहे तर माप तेच घालू ना? (सिनसिनाटी, ओहायो)

नाही, नाही आणि नाही. आकडा सारखा असला तरी या दोन वेगळ्या पावडरी आहेत, दोघींची मापं वेगळी. आणि ज्याने लोड दिला त्याची रायफल वेगळी, पुंगळी वेगळी, गोळी आत किती बसवली ती खोली वेगळी. त्याच्याकडे ‘उत्तम चाललेला’ लोड तुमच्या चेंबरमध्ये दाब कुठवर नेईल हे त्याला माहीत नाही, तुम्हालाही नाही. पावडर बनवणाऱ्या कंपन्या मापांचे तक्ते फुकट देतात, त्यासाठी प्रयोगशाळेत दाब मोजलेला असतो. तक्त्यातल्या सुरुवातीच्या मापापासून चढत जा, वरून उतरत येऊ नका. शंका आली तर कंपनीला विचारा, बऱ्याच कंपन्यांकडे उत्तर द्यायला तंत्रज्ञ असतात. तुमच्या ग्रुपवर ते नसतात.

प्रश्न: पिस्तुलाची काडतुसंही याच यंत्रावर भरतो. तीन रविवारांपूर्वी एक बार फुसका निघाला. पुढचे नीट उडाले, म्हणून दुर्लक्ष केलं. गेल्या दोन रविवारी नेम जरा भरकटतोय. (सॅन होजे, कॅलिफोर्निया)

म्हणजे आधी फुसका बार झाला आणि त्यानंतर दोन आठवडे तुम्ही तेच पिस्तूल झाडताय! आता ते रिकामं करा आणि गनस्मिथकडे न्या. येत्या रविवारी नव्हे, उद्याच. फुसका बार म्हणजे बहुधा पावडर कमी किंवा मुळीच नाही. गोळी नुसत्या प्रायमरच्या जोरावर नळीत शिरते आणि तिथेच अडकते. मागून दुसरी आली की नळी फुगते किंवा फाटते. तुमची वाचली असेल, फुगलीही असेल. ते डोळ्यांनी ठरवू नका. त्या खेपेची उरलेली काडतुसंही वापरू नका.

पिस्तुलाचं माप लहान असतं, म्हणून चूक मोठी होते. नुसता हिशेब म्हणून बघा: 42 ग्रेनांत 0.1 चा फरक पाव टक्कासुद्धा नाही, 4 ग्रेनांत तोच अडीच टक्के. आणि त्यापेक्षा मोठं भय दुहेरी मापाचं. काही पावडरी इतक्या थोड्या लागतात की दोनदा घातल्या तरी पुंगळी ओसंडत नाही. यंत्राने दोन्ही वेळा बरोबर तोललेलं असतं, तुम्हीच एका पुंगळीत दोनदा ओतता आणि शेजारची रिकामी राहते. म्हणून सगळ्या पुंगळ्या लाकडी ठोकळ्यात उभ्या करा, टॉर्च मारून पावडरीची पातळी एकेकीत बघा आणि त्यानंतरच गोळ्या बसवा. मधे फोन आला, मूल हाक मारत आलं, तर हातातली पुंगळी परत ओतून नव्याने सुरू करा.

प्रश्न: बायको म्हणते, घरात स्फोटकं नकोत. किती पावडर ठेवलेली चालते? (नेपरव्हिल, इलिनॉय)

अमेरिकेत बऱ्याच ठिकाणी मानल्या जाणाऱ्या एनएफपीए 495 या अग्निसुरक्षेच्या मानकाप्रमाणे राहत्या घरात 20 पौंडांपर्यंत धूररहित पावडर, तीही मूळ डब्यातच. त्याच्या वर गेलात तर इंचभर जाड लाकडाची पेटी वगैरे अटी येतात. प्रायमर 10,000 पर्यंत, मूळ खोक्यातच, बरणीत ओतून कधीच नाहीत. पण गावोगावचे नियम याहून कडक असू शकतात. फायर मार्शलला विचारा, घराच्या विम्याचे कागद वाचा, आणि बायकोला दोन्ही दाखवा.

प्रश्न: हॉपरमध्ये उरलेली पावडर तशीच राहू दिली तर? पुन्हा शनिवारीच लागते. (टॅम्पा, फ्लोरिडा)

त्याच दिवशी मूळ डब्यात परत घाला. तुमच्याकडची हवा दमट, पावडर ओल धरते आणि मापाचा अर्थ बदलतो. काही पावडरींतलं नायट्रोग्लिसरीन हॉपरचं प्लास्टिक खातं. आणि शनिवारपर्यंत हॉपरमध्ये कुठली पावडर होती ते तुम्ही विसरता. टेबलावर एका वेळी एकच डबा. कुठली आहे अशी शंका आलीच तर ती काडतुसात घालू नका. नष्ट कशी करायची ते फायर विभागाला विचारा.

प्रश्न: मी एच-1बी व्हिसावर आहे. बंदूक माझी नाही, मित्राच्या गॅरेजमध्ये नुसती काडतुसं भरायला मदत करतो. त्याला हरकत नाही ना? (अर्व्हिंग, टेक्सास)

हरकत मोठी आहे. नॉन-इमिग्रंट व्हिसावरच्या माणसाने बंदूक किंवा दारूगोळा बाळगायला फेडरल कायद्याने मनाई आहे. एच-1बी, एल-1, एफ-1 सगळे त्यात येतात. आणि कायद्याच्या व्याख्येत दारूगोळा म्हणजे नुसतं भरलेलं काडतूस नाही. पुंगळी, प्रायमर, गोळी आणि पावडरसुद्धा त्यात मोजतात. एखाद्या राज्याचं चालू शिकार लायसन्स असलं तर सूट आहे, ग्रीन कार्डवाल्यांचं गणित वेगळं. पण तुम्ही सवलतीत बसता की नाही हे मित्र ठरवणार नाही, मीही नाही. इमिग्रेशन वकिलाकडे जा, आणि त्याचं उत्तर येईपर्यंत त्या गॅरेजमध्ये हात लावू नका.

प्रश्न: पुण्यात चुलतभावाकडे रायफलचा परवाना आहे. येताना हे यंत्र आणि एक डबा पावडर आण म्हणतो. (सिॲटल, वॉशिंग्टन)

पावडर विमानात चालत नाही, हातातल्या बॅगेतही नाही, चेक-इनमध्येही नाही. भारतात काडतूस बनवायला शस्त्र कायदा, 1959 खाली वेगळा परवाना लागतो, बंदूक बाळगायच्या परवान्यात तो येत नाही. भावाला आधी पोलीस आयुक्तालयाच्या परवाना शाखेत लेखी विचारू द्या, यंत्राचं नंतर बघू. आणि रेंजवर नेता ती बॅग प्रवासाला घेऊ नका. घ्यायचीच असेल तर सगळे कप्पे उलटे करून झटका. तळाशी राहिलेलं एक काडतूस सिॲटलहून निघताना कुणाला दिसलं नाही तरी मुंबईच्या विमानतळावर दिसतं, आणि मग वकील तिथला शोधावा लागतो.