गिट म्हंजे कोडचे बदल सांभाळणारं सॉफ्टवेअर, त्याच्या स्वतःच्या सी कोडसाठी कोणी धाडलेला पॅच (सुचवलेला बदल) रिव्ह्यूले घेतला का?
राजा, आधी कोड नको पाहू, कमिट मेसेज (बदलासोबतची टीप) वाच, बदल काहून केला हेच त्यात नसन तर तिथंच विचार. मंग मेमरी पाह्य, स्ट्रबफ (गिटमंधी मजकूर ठेवायचा बफर) घेतला पण एरर येऊन मधातूनच रिटर्न झालं तर रिलीज होते का, लोकं नेमका तिथंच लीक (परत न केलेली मेमरी) सोडतात अन् सरळ रस्ता टेस्ट करून मोकळे होतात. स्ट्रकॉपी, स्प्रिंटएफ या धोक्याच्या सी फंक्शनवर भांडत बसू नको, बॅन्ड डॉट एच या त्यांच्यावर बंदी घालणाऱ्या फाइलीमुळं ते कंपाइलच होत नाही. टॅब-स्पेसचं शेवटी. गावात रेंज गेली तरी क्लोनमंधी (आपल्या मशीनवरच्या कॉपीत) अख्खी हिस्टरी असते, लॉग (बदलांची यादी) अन् ब्लेम (कोणती ओळ कोणं बदलली) निवांत पाह्य. पॅचचं दुसरं व्हर्जन आलं की रेंज-डिफ (दोन व्हर्जनमधला फरक दाखवणारी कमांड) चालव, सगळं पुन्हा कायले वाचतं?